काचेची खोली आणि मधला दरवाजा

गेल्या रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात रेडिंगहून मावसभावाचा फोन आला. दादा गेली सोळा वर्षं तिकडेच असतो. वहिनीला नोव्हेंबरची तारीख आहे, त्यामुळे मावशी-काका ऑक्टोबरपासून सहा महिने त्यांच्याकडे राहणार. घर तीन बेडरूमचं, पण तिसरी बेडरूम म्हणजे जेमतेम पलंग मावेल एवढी, आणि तिथे दादाचं ऑफिसचं टेबल.

"मागच्या अंगाला कॉन्झर्व्हेटरी जोडून घेतो. मधला दरवाजा काढून टाकला की हॉल केवढा मोठा होईल! आई-बाबांची सोय तिथेच. तू राहिला होतास ना रे असल्या खोलीत?"

राहिलो होतो तर! 2007 चा जानेवारी, पहिलंवहिलं ऑनसाईट. पौंड वाचवायच्या नादात एका घरमालकाची 'सनी रूम' भाड्याने घेतली. ज्यांनी कॉन्झर्व्हेटरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या मागच्या भिंतीला टेकवलेली, तीन बाजूंनी काच आणि वर काचेचं किंवा प्लॅस्टिकचं छप्पर अशी ती खोली असते. माझ्या खोलीचं छप्पर प्लॅस्टिकचं. पाऊस आला की पत्र्याखाली झोपल्यासारखं वाटायचं. सकाळी काचांवर आतून पाणी ओघळत असे, आणि ते पाणी माझ्याच श्वासाचं आहे हे कळायला मला आठवडा लागला. रात्री स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर रजई. मे महिन्यात त्याच खोलीत दुपारी भट्टी. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न होता, की ही खोली मुळात बांधली कोणासाठी? पुढे अनेक वीकेंड त्यावर वाचण्यात घालवले. दादाच्या फोनमुळे सगळं पुन्हा वर आलं.

उत्तर सोपं आहे. माणसांसाठी नाही, झाडांसाठी. 'कॉन्झर्व्हेटरी' शब्दातच राखून ठेवणं आहे, आणि राखायची होती ती मुख्यतः संत्र्या-लिंबाची झाडं. सतराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना भूमध्य समुद्राकाठच्या या झाडांचं वेड लागलं. उन्हाळ्यात कुंड्या बागेत, थंडी आली की छपराखाली. या इमारतींना 'ऑरेंजरी' म्हणत. लंडनजवळच्या क्यू बागेत 1761 साली विल्यम चेंबर्सने बांधलेली ऑरेंजरी अजून उभी आहे. दिसायला देखणी, पण आत उजेड इतका कमी की संत्र्याची झाडं तिथे नीट वाढेनात. आज तिथे रेस्टॉरंट आहे. म्हणजे झाडांची जागा माणसांनी बळकावायची परंपरा जुनीच म्हणायची :-)

अंधाराचं एक कारण म्हणजे काच महाग होती. त्यात ब्रिटिश सरकारने 1746 पासून काचेवर अबकारी कर बसवला, तोही वजनावर. घराच्या खिडक्या मोजून घेतला जाणारा कर तर 1696 पासून होताच. वजनावर कर म्हटल्यावर कारखानदार काच पातळ करणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. एकोणिसाव्या शतकात गाठी एकेक करून सुटत गेल्या. 1816 साली जॉन क्लॉडियस लाउडनने वाकवता येणारी घडीव लोखंडाची पट्टी काढली, तिच्यामुळे काचेची गोल छपरं शक्य झाली. 1832 पासून चान्स ब्रदर्स मोठ्या आकाराची काच बनवू लागले. 1845 मध्ये रॉबर्ट पीलच्या सरकारने काचेवरचा कर उठवला आणि 1851 मध्ये खिडक्यांवरचाही गेला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो हम्फ्री रेप्टन हा बगीचे आखून देणारा माणूस. श्रीमंत लोक बागेतलं काचघर आणून थेट दिवाणखान्याला जोडू लागले, त्याच काळातला. त्याने गिऱ्हाइकांना सरळ बजावलं होतं, की फुलांच्या वासापेक्षा ओल्या मातीचा वास आणि दमटपणाच घरात जास्त शिरेल, तेव्हा दोन्हींच्या मध्ये एखादी छोटी खोली ठेवा. दोनशे वर्षांपूर्वी! झाडांना हवी असते ओल, माणसांना हवं असतं कोरडं ऊबदार. दोघांचं हवामान वेगळं, म्हणून मध्ये आडोसा पाहिजे. दादा जो दरवाजा काढायला निघाला होता, तोच हा आडोसा.

आता काचेमागची ऊब काय भावात पडते ते बघा. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ नावाची गढीवजा हवेली आहे. तिथल्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन. 1826 मध्ये नोकरीला लागला तेव्हा वय 22 वर्षं फक्त. 1836 ते 1840 या काळात त्याने तिथे जे काचघर उभारलं त्याला 'ग्रेट स्टोव्ह' म्हणत. लांबी 277 फूट, रुंदी 123 फूट, आत घोडागाडी फिरेल असा रस्ता. तापवायला आठ बॉयलर आणि काही मैल लांबीचे गरम पाण्याचे पाईप. कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून छोट्या रुळांवरून येई, म्हणजे पाहुण्यांना ना कोळसा दिसावा ना तो ओढणारे कामगार. 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा आत हजारो दिवे लावले होते.

इथे आपलाही एक धागा आहे. ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला 1835 मध्ये हिंदुस्थानात धाडलं. तो कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आणि खासी टेकड्यांत हिंडला आणि 1837 मध्ये काचेच्या पेट्यांतून झाडं घेऊन परतला. त्यात एक झाड अँहर्स्टिया नोबिलिस, मूळचं ब्रह्मदेशातलं. मराठीत आपण त्याला उर्वशी म्हणतो. गंमत म्हणजे एवढा खटाटोप करून ड्यूकच्या उर्वशीला बहर येईना. इंग्लंडमध्ये ते झाड पहिल्यांदा फुललं 1849 मध्ये, लंडनच्या ईलिंग भागात, मिसेस लॉरेन्स या बाईंच्या बागेत. ड्यूकची काय चिडचिड झाली असेल!

पुढे याच पॅक्स्टनने 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला, ते बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर मध्यमवर्गालाही काचघर हवंसं झालं. नॉर्विचची बोल्टन अँड पॉल वगैरे कंपन्या कॅटलॉग छापून तयार काचघरं विकू लागल्या. कोळसा स्वस्त होता, शेगडीत तो घालायला नोकर होते, तोवर सगळं चाललं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. ग्रेट स्टोव्ह तापवणं बंद झालं आणि आतली झाडं थंडीने मेली. 1920 मध्ये ती अख्खी इमारत सुरुंग लावून उडवून दिली. आज तिथे झुडपांचा भूलभुलैया आहे. काचेला काही झालं नव्हतं, लोखंडालाही नाही. नुसता कोळसा थांबला.

त्यानंतर पन्नासेक वर्षं हा प्रकार मागे पडला होता. 1959 मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट काच करण्याची पद्धत जाहीर केली. मग डबल ग्लेझिंग आलं, यूपीव्हीसीच्या चौकटी आल्या, आणि 1980 च्या दशकात ब्रिटनच्या गल्लीबोळांत कॉन्झर्व्हेटऱ्या उगवू लागल्या. या वेळी झाडांचं नाव नव्हतं. विकणारे सरळ सांगत, जादा खोली घ्या. विटांच्या खोलीपेक्षा स्वस्त आणि कटकट कमी.

कटकट कमी का, तर कायदा तिला घराची खोली मानतच नाही. इंग्लंडमध्ये जमिनीलगतची, 30 चौरस मीटरच्या आतली कॉन्झर्व्हेटरी साधारणपणे बिल्डिंग रेग्युलेशन्समधून सुटते. पण अट आहे. घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचा दरवाजा किंवा भिंत राहिली पाहिजे, आणि घराचं हीटिंग तिच्यात ओढायचं नाही. म्हणजे रेप्टनचा आडोसाच! दरवाजा काढला की सूटही जाते. तरी लोक आत हीटर लावतात, सोफा टाकतात आणि मग दरवाजाच काढतात. 2012 मध्ये सरकारने एक प्रस्ताव आणला होता, की घर वाढवणाऱ्यांनी जुन्या घराच्या इन्सुलेशनवरही थोडा खर्च करावा. पेपरवाल्यांनी त्याला 'कॉन्झर्व्हेटरी टॅक्स' म्हणून इतकं झोडपलं की त्याच वर्षी तो गुंडाळावा लागला.

इंजिनियर असल्यामुळे दादाला फोनवरच हिशेब मांडून दाखवला. तीन मीटर बाय चार मीटरची खोली, तीन बाजू आणि छप्पर मिळून साधारण 33 चौरस मीटर काच. साध्या डबल ग्लेझिंगमधून दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे 2.8 वॅट उष्णता बाहेर जाते. आत 20 अंश, बाहेर शून्य धरलं तर 33 गुणिले 2.8 गुणिले 20, म्हणजे सुमारे 1850 वॅट. एक मोठा हीटर रात्रभर, तोही फक्त गळती भरून काढायला. आजची उत्तम काच घेतली तर हे निम्म्यावर येईल. चांगल्या इन्सुलेशनच्या भिंतीतून मात्र 2.8 च्या जागी 0.3 च्या आसपासच जातात.

इंग्रजांना हसायचा आपल्याला अधिकार नाही बरं का. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत ठरावीक मापाची बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नसत, आणि पैसे भरून ती बंद करायची सोयही होती. 2012 पासून ती मोजायला लागले. आमच्या डोंबिवलीच्या घरी बाबांनी गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या, तेव्हा परवानगीबिरवानगी कोणी विचारली नव्हती. माझी दहावी त्याच गॅलरीत झाली. पावसाळ्यात उशाशी पाणी यायचं, पण थंडीने मरण्याची भीती डोंबिवलीत नव्हती. काका 74 वर्षांचे आहेत आणि त्यांना दमा आहे.

"दादा, दरवाजा काढू नकोस," मी म्हटलं. "आणि त्यांना तिथे झोपवू नकोस."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, आईला विचारलं होतं. ती म्हणाली, मला काय, कुठेही चालेल."

मावशी असंच म्हणणार. तिला आयुष्यभर कुठेही चाललंय. म्हणून तर तिला विचारून काही उपयोग नसतो.

संध्याकाळी दादाचा मेसेज आला. तिसऱ्या बेडरूममधलं टेबल हलवून तिथे दोघांसाठी पलंग टाकायचा, थोडी दाटी होईल. कॉन्झर्व्हेटरी करायचीच, पण छोटी, दरवाजा ठेवून, आणि टेबल तिथे. थंडी फारच पडली तर तो जेवणाच्या टेबलावर बसून काम करेल. वहिनीला हे पटलंय.

नंतर मावशीचाच फोन. तिचा प्रश्न वेगळा होता. त्या काचेच्या खोलीत कढीपत्ता जगेल का? दादाकडचे दोन हिवाळ्यात मेले म्हणे. मी म्हटलं, जगायला हरकत नाही, तो संत्र्या-लिंबाच्याच कुळातला आहे. फक्त रात्री काचेला चिकटून ठेवू नकोस, दरवाजाजवळ ठेव, आणि थंडीत पाणी कमी घाल.