भेगांवरून क्षमतेचे अनुमान : जपानमधील एका मापनपद्धतीचा इतिहास

भूकंपानंतर उभी राहिलेली इमारत सुरक्षित असतेच असे नाही. सलोह काँक्रीटच्या स्तंभावर उमटलेली भेग ही झालेल्या आघाताची खूण होय. परंतु तीवरून स्तंभाच्या शिल्लक क्षमतेचे अनुमान कितपत करता येते, हा निराळा प्रश्न आहे. जपानमध्ये त्याचा पद्धतशीर विचार झाला.

१९६८ च्या तोकाची-ओकी भूकंपाने ह्या विचारास चालना दिली. उत्तर जपानमधील अनेक शाळांच्या सलोह काँक्रीटच्या इमारतींची त्यात मोठी हानी झाली. खिडक्यांखालील बुटक्या भिंतींनी स्तंभांचा खालचा भाग जखडला होता. वाकण्यास मोकळी उंची त्यामुळे घटली, आणि स्तंभास कातरणारे बल वाढले. परिणामी एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या भेगा पडून स्तंभ अकस्मात फुटले. उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्याही विरळ होत्या. १९७१ मध्ये त्या दाट घालण्याचा नियम झाला; १९८१ मध्ये भूकंपविषयक नियमांची नव्याने मांडणी झाली. तथापि जुन्या इमारती तशाच उभ्या होत्या.

१९९१ मध्ये सिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने स्तंभांच्या हानीचे पाच वर्ग केले. ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगा पहिल्या वर्गात; १ मिलिमीटरपर्यंतच्या दुसऱ्यात; २ मिलिमीटरपर्यंतच्या तिसऱ्यात. त्यापेक्षा रुंद भेगा व उघड्या पडलेल्या सळ्या हे चौथ्या वर्गाचे लक्षण, तर वाकलेल्या सळ्या हे पाचव्याचे. १९९५ च्या कोबे भूकंपाच्या अनुभवानंतर, २००१ मध्ये, ह्या मार्गदर्शिकेत सुधारणा झाली. तिसऱ्या वर्गातील लवचीक स्तंभाची शिल्लक क्षमता ०.५ धरली गेली, तर ठिसूळ स्तंभाची अवघी ०.३, चौथ्या वर्गात हेच आकडे ०.१ व शून्य असे आहेत. येथे क्षमता म्हणजे निव्वळ भार पेलण्याचे सामर्थ्य नव्हे. मोडण्यापूर्वी स्तंभ आणखी किती ऊर्जा शोषू शकेल, ह्याचे ते माप होय.

तात्पर्य, सारख्याच रुंदीच्या भेगेचा अर्थ दोन स्तंभांत सारखा नसतो. स्तंभ कोणत्या रीतीने मोडणार, हे ठरल्यावाचून भेगेचे माप मुके राहते. ह्या निर्णयावर रहिवाशांचे भवितव्य अवलंबून असते. अतिसावधपणाने माणसे विनाकारण बेघर होतात. ढिलाईने ती पुढच्या धक्क्याच्या तोंडी जातात.