एआरटी आणि स्वप्रतिकारसदृश विकार

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती नुसती दुबळी होत नाही, ती भरकटतेही. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतात. सीडी-८ या प्रतिकारपेशी लाळग्रंथींत साचून गाल सुजतात, तोंड कोरडे पडते. सोरायसिस चिघळतो. एआरटी म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार; त्याच्या गोळ्यांनी विषाणू दबला की यातले बरेच विकार ओसरतात, म्हणून त्यांच्यावरचा मुख्य इलाज एआरटी हाच.

काही त्रास मात्र गोळ्या सुरू झाल्यावरच डोके वर काढतात. क्षयाच्या औषधांनी मानेतली गाठ बसत आलेली असते; एआरटीला दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच ती पुन्हा फुगते, दुखते, ताप चढतो. याला ‘आयरिस’ म्हणतात. सावरलेली प्रतिकारशक्ती शरीरात उरलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याची ही सूज. सुरुवातीला सीडी-४ या प्रतिकारपेशींची संख्या १०० च्या खाली असलेल्यांना धोका अधिक. दक्षिण आफ्रिकेतल्या २०१८ च्या चाचणीत अशा क्षयरुग्णांना चार आठवडे प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिल्यावर आयरिसचे प्रमाण ४७ वरून ३३ टक्क्यांवर आले. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात मात्र एआरटी चार ते सहा आठवडे लांबवतात. घाई जिवावर बेतते.

एआरटीनंतरचा खरा स्वप्रतिकार विकार उशिरा येतो. ग्रेव्हज हा थायरॉइडचा आजार साधारण एक ते तीन वर्षांनी दिसतो: छातीत धडधड, हातांना कंप, वजनात घट. गोळ्या लागू पडल्या, सीडी-४ वाढले, तरी माणूस वाळतो, आणि संशय नेमका गोळ्यांवर जातो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात उल्हासनगर कॅम्प ३ मधले मध्यवर्ती रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय. पण गाठ सुजली की माणूस आधी गल्लीतला दवाखाना गाठतो आणि एचआयव्हीचा विषय काढत नाही. मग गाठीला अँटिबायोटिक मिळते, एआरटी मनानेच बंद होते. गोळ्या बंद असतानाच विषाणू उसळतो, म्हणून गोळ्या चालू ठेवून एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. जिवावर बेतणारी सूज असेल तरच त्या थांबवतात, तेही डॉक्टरांच्या निर्णयाने. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.