शांतिसंशोधन, यूरोपीय
शांतता व सुरक्षितता यांचा अनेक राष्ट्रांतील विद्वानांच्या सहकार्याने चालणारा शास्त्रीय अभ्यास. या विद्याशाखेचा एक मूलस्रोत गांधीविचारात, म्हणजेच वर्ध्याजवळील सेवाग्रामाशीही निगडित असलेल्या परंपरेत आहे, हे मराठी वाचकाने अभिमानाने ध्यानी ठेवावे. कारण लष्करी सेवा नाकारून कैद पत्करणारे नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासमवेत गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावरील ग्रंथ १९५५ मध्ये सिद्ध केला आणि १९५९ मध्ये ऑस्लो येथे शांतिसंशोधनाचे कार्य संस्थारूपाने आरंभिले. १९६५ मध्ये ग्रोनिंगन येथे आंतरराष्ट्रीय शांतिसंशोधन संघाची पहिली परिषद भरली. १९६६ मध्ये स्थापन झालेली स्टॉकहोमची शांतिसंशोधन संस्था जगाच्या शस्त्रखर्चाचे दफ्तर राखते. १९९३ मध्ये गाल्टुंग यांना गांधीविचाराच्या प्रसाराबद्दलचा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.