भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग (१८९३-९४) : गांजाविषयक पुराव्याची एक चिकित्सा

लिनीयसने १७५३ मध्ये 'कॅनाबिस सटायव्हा' असे नामकरण केलेल्या वनस्पतीपासून भारतात भांग, गांजा व चरस असे तीन पदार्थ तयार होत आले आहेत. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस हा भेद येथील सामान्य माणसाला ठाऊक होता. वसाहतकालीन प्रशासनाला मात्र तो नीट समजून घ्यावा लागला. हे काम प्रामुख्याने १८९३-९४ च्या आयोगाने केले. प्रस्तुत लेखात या आयोगाने पुरावा कसा तपासला, याचा विचार केला आहे.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत उपस्थित झालेल्या प्रश्नातून हा आयोग जन्मास आला. प्रथम केवळ बंगालपुरती योजलेली चौकशी पुढे संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले.

लागवडीसंबंधीचे विवेचन हा अहवालाचा कदाचित सर्वांत टिकाऊ भाग होय. गांजाचा कस मादी झाडाच्या फुलोऱ्यात बी न धरण्यावर अवलंबून असतो. परागीभवन झाले की राळ कमी होते व माल हलका ठरतो. म्हणून बंगालमधील नौगाव परिसरात 'परखदार' नावाचा जाणकार शेतातून फिरून नर झाडे ओळखी व ती उपटून टाकली जात. एखादे झाड नजरेतून निसटले तरी आसपासच्या पिकाचे नुकसान होई. उतरविलेला फुलोरा पायांनी तुडवून चपटा किंवा वळून गोल केला जाई, आणि गंध व चिकटपणा यांवरून मालाची पारख होई. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व सातारा हे जिल्हे या पिकासाठी ओळखले जात. मिरी, बडीशेप, बदाम व साखर यांसह वाटलेली भांग आणि चिलमीतील गांजा यांच्या चवीत, तसेच सेवन करणाऱ्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेतही मोठे अंतर होते.

परिणामांच्या प्रश्नावर मात्र आयोगाची खरी कसोटी लागली. गांजामुळे वेड लागते, हा समज वेड्यांच्या इस्पितळांतील आकडेवारीवर उभा होता. १८९२ मधील १३४४ दाखल रुग्णांपैकी २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण ही मादक द्रव्ये असल्याचे नोंदलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण तपासले तेव्हा अवघी ९८ प्रकरणे टिकली. त्यांतही ६१ प्रकरणांतच अन्य कारण आढळले नाही. रुग्णाबरोबर पोलिसांनी पाठविलेल्या कागदावरील 'कारण' हा रकाना भरणे आवश्यक असल्याने, काही ठाऊक नसले की तेथे 'गांजा' लिहिले जाई! कारकुनी सोयीतून वैद्यकीय सिद्धान्त कसा तयार होतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक असते, व पूर्ण बंदी अनावश्यक आहे, असा निष्कर्ष बहुमताने काढण्यात आला. भांगेच्या धार्मिक वापराचाही त्यात विचार होता. जेम्स मिल्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या साऱ्या व्यवहाराकडे अबकारी उत्पन्नाच्या अंगाने पाहिले आहे, व तो आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही; गांजावर सरकारला कर मिळत होता. तथापि केवळ महसुलाने इस्पितळांच्या त्या छाननीचा उलगडा होत नाही.

परदेशी सत्ता व्यसनाला पाठीशी घालते आणि एतद्देशीय त्याचे समर्थन करतात, किंवा याच्या नेमके उलट, अशी सरळ विभागणीही येथे लागू पडत नाही. तीन भारतीय सदस्यांपैकी राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद यांनी बहुमताशी असहमती दर्शविणारी स्वतंत्र टिपणे जोडली. कुंवर हरनामसिंग बहुमताबरोबर राहिले. रॉय हे ताहिरपूरचे, म्हणजे नौगाव ज्या राजशाही जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातील जमीनदार. गांजाच्या मळ्यांशेजारच्या माणसाने घेतलेली ही हरकत अभ्यासकांकडून जवळपास दुर्लक्षितच राहिली आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाच्या व्याख्येतून शेंड्याविना असलेली पाने व बिया वगळल्या. भांग व गांजा यांच्यातील ज्या भेदाने आयोगाच्या विवेचनाची सुरुवात झाली होती, तोच भेद अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या विधिग्रंथात कायम राहिला.