कुडावरून भेटकार्डावर

विक्रीसाठी छापलेले नाताळचे पहिले भेटकार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. डहाणू-तलासरीच्या हातकार्डांचे मूळ मात्र वारली घराच्या कुडावर आहे. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या कलेला कागद मिळवून दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर मासेमारीचे जाळे चितारले. आजही कागदाला शेण-गेरूचा हात देऊन बांबूच्या काडीने होडी, मासे रेखाटले जातात. असे कार्ड नाताळात हाती येते तेव्हा आम्हांला त्या सवाशिणी आठवतात. चौक त्यांनी लिहिले. त्यांतील अनेकींची नावे मात्र लिहून ठेवली गेली नाहीत. हे ऋण आपण मानावयास हवे.