बोडीचं पाणी, बोअरचं पाणी

कुरखेड्याला आमची आजी तुरीचं वरण बोडीच्याच, म्हणजे लहान तळ्याच्याच, पाण्यात शिजवायची. विहिरीच्या जड पाण्यात डाळ टणक राहायची. मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, काळातल्या तलाव-बोड्यांत पावसाचं पाणी साठे, म्हणून ते मऊ. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पुढे हातपंप, मग बोअर. खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येणारं पाणी गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर धरवतं.

धानकापणीपुरत्या उघडणाऱ्या शेतावरच्या खोलीसाठी मुलगा बोअरचं हे जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर आणणार होता. मी अडवलं. त्यातले राळेचे मणी मिठाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे लागतात, आणि महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. छपराला पन्हाळ लावून झाकलेली टाकी भरावी, हेच मला पटतं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडायचं.