क्यूशू विद्यापीठ प्रकरण : तपास आणि खटला

मे-जून १९४५ मध्ये जपानमधील फुकुओका येथील क्यूशू इम्पीरियल विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात आठ अमेरिकी युद्धकैद्यांवर जिवंतपणी शस्त्रक्रियेचे प्रयोग करण्यात आले. शिरेतून समुद्राचे पाणी सोडण्यात आले, फुप्फुसे काढण्यात आली. एकही कैदी वाचला नाही. युद्धानंतर तपास सुरू होताच, हे कैदी हिरोशिमाला पाठवले होते व अणुस्फोटात मरण पावले, असा बनाव रचण्यात आला. बनाव सोयीचा होता, कारण हिरोशिमात पडताळणीसाठी फारसे काही उरले नव्हते. तरीही तो टिकला नाही. मुख्य शल्यविशारद फुकुजिरो इशियामा यांनी १९४६ मध्ये तुरुंगात गळफास घेतला. योकोहामा येथील अमेरिकी लष्करी न्यायालयाने ऑगस्ट १९४८ मध्ये २३ जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी सुनावली गेली, एकालाही दिली गेली नाही. १९५८ पर्यंत एकही दोषी तुरुंगात उरला नव्हता.